माहुलचा पाच नंबर

१ जानेवारी १९८५

कंपनीने यंदा आम्हा हेल्पर लोकांनाही डायऱ्या वाटल्या. आय म्हणाली, रेशनकार्ड आत घालून ठेवायला बरी आहे. मी म्हटलं, नाही, मी हिच्यात लिहिणार. घरातले सगळे एवढे हसले की आता लिहिणं भागच आहे.

तर मी बळवंत धर्मा कोळी, राहणार माहुल गाव. बाबाची होडी आहे, आय मासळी विकते, आणि मी गावाला लागूनच असलेल्या रिफायनरीत पर्मनंट आहे. पगार पाइप पुसायचा मिळतो, पण ठेवलंय फुटबॉलसाठी. कंपनीच्या टीमचा मी स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात मधोमध उभं राहून येईल त्याला अडवणारा. धावाधाव माझ्या स्वभावात नाही. बाबा म्हणतो, हे आपल्या डोल जाळ्यासारखंच आहे, जाळं एका जागी बांधून ठेवायचं, पाण्याबरोबर मासळी आपणच येते. मला हे पटतं. लोक उगाच धावतात.

१३ जानेवारी

आज कूपरेजवर मोठी मॅच होती. नजर लागू नये म्हणून आयने माझी जर्सी स्वतः धुतली. दोरीवर जागा नव्हती, म्हणून अंगणात जवळा सुकत होता त्या चटईवरच पसरली. मला काही जाणवलं नाही. माहुलमध्ये कोणाला जाणवणार? पण कपडे बदलायच्या खोलीत मी पिशवी उघडली आणि आमचे स्पोर्ट्स ऑफिसर श्यामसुंदर साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, बळवंत, तू जरा बाहेर उभा राहा, बाकीच्यांना श्वास घेऊ दे.

सगळे हसले. माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, ही घालून खेळेन नाहीतर घरी जाईन. तेवढ्यात चंदूने स्वतःची दोन नंबरची जर्सी काढून माझ्या तोंडावर फेकली. चंदू म्हणजे चंद्रप्रकाश, आमचा राइट बॅक. चेंबूरच्या चाळीत राहतो, मूळचा मालवणकडचा. म्हणाला, "आण ती इकडे. आमच्या घरात ह्या वासावर दोन घास जास्त जातात." आणि माझी पाच नंबरची जर्सी घालून, बाहीला चिकटलेला एक जवळा तोंडात टाकून, बाहेर पडला.

एक-शून्यने जिंकलो. चंदू आज वेडा झाला होता. आपल्या गोलपासून लाइनीच्या कडेने जो सुटला तो त्यांच्या कॉर्नरपर्यंत, आणि असा बॉल दिला की आमच्या फॉरवर्डला फक्त डोकं लावायचं काम होतं. मी नेहमीसारखा मागे उभा होतो. स्टँडमध्ये पांढरा झगा घातलेला एक अरब व्हिडिओ कॅमेरा घेऊन बसला होता. आईच्या ऑपरेशनसाठी मुंबईत आलाय म्हणे. चंदू मला म्हणाला, केस नीट कर, तू अरबस्तानात दिसणार.

१७ जानेवारी

खरंच दिसणार. मी परदेशात चाललोय. हे वाक्य मी पुन्हा लिहितो. मी परदेशात चाललोय.

सकाळी श्यामसुंदर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखलं की जगात काहीतरी उलटंपालटं झालंय. तो अरब म्हणजे सलीम, ओमानमध्ये सूर नावाचं गाव आहे तिथल्या क्लबचा सेक्रेटरी. काल आईला घेऊन परत गेला, पण जाताना साहेबांना फोन करून म्हणाला, तुमचा पाच नंबर आम्हाला हवा. साहेबांनी यादीत नंबर बघून ताबडतोब सांगितलं, तो आमचा बळवंत कोळी. त्यांच्या टीममध्ये बाहेरचा एकच खेळाडू चालतो, आणि तो मी. सीझन संपेपर्यंत परीक्षा, पसंत पडलो तर दोन वर्षं पक्कं. कंपनी बिनपगारी रजा देणार. पासपोर्ट माझ्याकडे आहेच, मध्यंतरी जहाजावर जायचं वेड लागलं होतं तेव्हा काढलेला.

घरी निरोप धाडला आणि कॅन्टीनमध्ये चंदूला सांगितलं. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"पाच नंबर, असंच म्हणाला?"

"शब्दाला शब्द."

त्याने बोटाने ग्लासाची कड पुसली. मग विचारलं, घरी सांगितलंस का? मी म्हटलं, आता माहुलमध्ये बाबाने बेंजोवालेसुद्धा ठरवले असतील. त्यावर तो एकदम हसला आणि मला अशी मिठी मारली की बरगड्या दुखल्या. डोळे लाल झाले होते त्याचे. कॅन्टीनमध्ये कांदा फार चिरतात.

२० जानेवारी

बाबाने खरोखरच बेंजो आणला. गावदेवीपर्यंत वरात काढली, मला खांद्यावर घेतलं, आणि ज्या म्हाताऱ्यांनी मला लहानपणी बॉल खाडीत घालवला म्हणून बदडलं होतं तेच आज पुढे नाचत होते. बाबाने होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लाल रंगाने भला मोठा पाच काढलाय. आय येईल त्याला सांगते, जर्सी मी धुतली, सगळी माझ्या जवल्याची कृपा. आता आयला फुटबॉलमधलं काय कळतं, पण मी बोलू दिलं.

२ फेब्रुवारी

चंदूला झालंय तरी काय? पहिल्या पाळीच्या आधी चेंबूरहून सायकल हाणत येतो, मला अंथरुणातून ओढतो आणि रिफायनरीच्या भिंतीकडेने धाव म्हणतो. मी म्हटलं, मी स्टॉपर आहे, मी का धावू? तर म्हणे, तिकडे बॅकनेच पुढे जायचं असतं, तुला धावावंच लागेल. याला कोणी सांगितलं? मग धावता धावता बॉल मध्ये कसा टाकायचा ते शिकवतो. माझा बॉल दर वेळी खाजणात. चिखलातून काढून आणतो आणि परत, "धाव रे म्हसोबा, धाव." मला वाटतं थोडा जळतोय. मित्र आहे, तेवढा हक्क आहे त्याला.

१९ फेब्रुवारी

आज चंदूकडे जेवलो. त्याच्या आईने, कुंदामावशीने, हळूच सांगितलं की कंपनीतल्या टेम्पररी लोकांना जूननंतर ठेवणार नाहीत, आणि चंदू टेम्पररी आहे. त्याचे वडील गिरणीच्या संपापासून घरीच. या गाढवाने मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी चिडलो, म्हटलं, मी तिकडे जाऊन तुझ्यासाठी शब्द टाकतो. तर पान पुसत म्हणाला, आधी तू टिक. मला हे लागलं. पाच नंबर काय उगाच मागितला का त्यांनी?

८ मार्च

होळी झाली. रात्रभर नाचून पाय गेलेत, उद्या विमान. आयने बोंबील बांधून दिलेत, बाबाने शहाळं. शहाळं विमानात नेतात का, ते विचारायचं राहिलं.

१० मार्च, सूर

शहाळं नेत नाहीत. सहार विमानतळावरच पिऊन टाकावं लागलं, मी आणि चंदूने अर्धं अर्धं.

हे गाव बघून मी चक्रावलो. चहूकडे डोंगर आणि वाळू, आणि मध्येच खाडी, आणि खाडीच्या काठावर लाकडी गलबतं बांधतायत. किनाऱ्यावर मासळी सुकत घातलेली. त्या वासाने मला असं भरून आलं की सलीमला वाटलं मला उन्हाचा त्रास होतोय. इथे कोणी नाकाला रुमाल लावत नाही. पिशवीतले बोंबील काढले तर अर्धी टीम जमा झाली.

सलीम मुंबईला सारखा येणारा, हिंदी झकास बोलतो. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, कॅमेऱ्यात तू सडपातळ वाटत होतास. मी म्हटलं, मुंबईचं ऊन तसंच आहे, सगळे बारीक दिसतात.

१८ मार्च

कोच सुदानचे आहेत, नाव इद्रिस, सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादने मला राइट बॅकला टाकलंय. मी सलीमला म्हटलं, मी मधला माणूस. सलीम हसला, म्हणाला, आम्हाला सगळं ठाऊक आहे, लाजू नकोस. म्हणजे माझ्यात काहीतरी दडलेले गुण आहेत, जे पंधरा वर्षांत मला दिसले नाहीत ते या माणसाने एका मॅचमध्ये हेरले. उस्ताद शिट्टी वाजवतात, मी सुटतो. कॉर्नरपर्यंत पोचतो, बॉल मारतो, तो समुद्राच्या दिशेने जातो. उस्ताद कपाळाला हात लावून अरबीत काहीतरी म्हणतात. विचारलं तर सलीम म्हणाला, उस्ताद विचार करतायत.

चंदूने धावायला लावलं ते किती बरं केलं. नाहीतर मी पहिल्याच दिवशी आडवा झालो असतो.

२९ मार्च

पहिली मॅच. तीन-शून्यने हरलो. मी पुढे गेलो की परत येईपर्यंत माझी जागा मोकळी, आणि ते लोक तिथूनच येत होते. शेवटी मला राहवलं नाही, मी आपणहून मध्ये येऊन उभा राहिलो. मग एकही गोल झाला नाही, पण उस्ताद भडकले. सलीमने सगळं हिंदीत सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की मुंबईत केलंस ते एकदा तरी करून दाखव, नाहीतर पुढच्या महिन्याच्या शेवटी तिकीट कापावं लागेल.

मुंबईत मी काय केलं होतं तेच आठवत नाही. उभा होतो.

३ एप्रिल

माझा धीर वाढावा म्हणून सलीमने सगळ्या टीमला घरी बोलावलं आणि टीव्हीवर त्या मॅचची कॅसेट लावली. गालिच्यावर बसून हलवा आणि काव्हा, म्हणजे त्यांची कॉफी. मी आयुष्यात कधी स्वतःला टीव्हीवर पाहिलं नव्हतं, केस विंचरून गेलो होतो.

पाच नंबर सुटला. लाइनीच्या कडेने, डोकं वर, बॉल पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा. सगळे ओरडले आणि माझ्या पाठीवर थापा पडल्या. परत सुटला, परत थापा. मीही हसत होतो. मग मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, एक जाडजूड फेंगडा माणूस दिसला. गुडघ्यांवर हात ठेवून उभा, तोंडाने अखंड बडबड, बोटाने ह्याला इकडे त्याला तिकडे. पाठीवर दोन नंबर. मी मनात म्हटलं, हा कोण बैल, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं.

कोणालाच ओळखू आलं नाही. एवढ्याशा चित्रात सगळे सारखेच काळे. उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, शाबास. मी काव्हा एका घोटात प्यायलो आणि जीभ भाजून घेतली.

५ एप्रिल

काल काही लिहिलं नाही. आज सगळं लिहितो.

चंदूला माहीत होतं. मी कॅन्टीनमध्ये तोंड उघडलं त्याच क्षणी त्याला कळलं होतं की मागणी त्याला आलीय. आणि साल्याने माझं घर आनंदात आहे म्हणून तोंड मिटलं, वर रोज पहाटे येऊन मला चंदू बनवायला बघत होता. नोकरी त्याची जाणार, आणि धावायला मला शिकवतोय. मी त्याला जळकुटा म्हटलं होतं, इथेच, मागच्या पानांत. कालचा अर्धा दिवस मी त्याला शिव्याच दिल्या. एवढा कसला रे शहाणा तू?

उरलेला अर्धा दिवस मी वेगळाच विचार केला, तोही लिहितो. गप्प बसलो तर काय होईल? इथे कोणाला कळलेलं नाही. चंदूने आपणहून दिलंय. अजून थोडं धावलो, बॉल सरळ पडायला लागला, तर दोन वर्षं पक्कं. माहुलमध्ये नाळेवर पाच काढलाय, बाबा काय तोंड दाखवेल? हा विचार फार गोड होता. जेवताना केला, झोपताना केला.

सकाळी सरावाला उस्तादने शिट्टी वाजवली आणि माझ्या कानात चंदूच ओरडला, धाव रे म्हसोबा. माझे पाय जागचे हलेनात. दुपारी सलीमकडे गेलो आणि सांगितलं, तुम्ही चुकीचा माणूस आणलाय. त्याला आधी थट्टा वाटली. मी जवळ्याच्या चटईपासून सगळं सांगितलं. उस्तादला बोलावलं, कॅसेट परत लावली. उस्ताद टीव्हीला नाक लावून उभे राहिले. नंतर दोन नंबरवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तो एवढा मोठा माणूस गालिच्यावर बसून पोट धरून हसायला लागला. मग सलीम. मग काय, मीही. मला एवढं हलकं गेल्या दोन महिन्यांत वाटलं नव्हतं.

६ एप्रिल

चंदूच्या चाळीखालच्या मेडिकल स्टोअरला ट्रंककॉल लावला. चंदू धापा टाकत आला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. कॅसेट पाहिली मी."

पलीकडे त्याने कोणाला तरी जरा लांब सरकायला सांगितलेलं ऐकू आलं.

"गप राहा," चंदू म्हणाला. "कोणाला बोलू नकोस. तू नुसता धाव, जमेल तुला."

"सांगून टाकलं काल. पासपोर्टचा फॉर्म भर, पुढच्या सीझनला तुला बोलावतायत."

"बळ्या, गाढवा, तुझ्या बाबाने होडी रंगवलीय रे."

"तुझ्यापेक्षा मोठा गाढव मी पाहिला नाही," मी म्हटलं, आणि दोघंही एवढ्या महाग फोनवर नुसतं नाक ओढत राहिलो. शेवटी मेडिकलवाल्याने फोन ठेवायला लावला.

१२ एप्रिल

आजची तारीख मी लाल शाईने लिहिणार होतो, पण इथे लाल शाई मिळाली नाही.

चंदू येईपर्यंत माझं काय करायचं, यावर उस्ताद म्हणाले, याला याच्या स्वतःच्या जागी उभा करून बघू. त्यांचा स्टॉपर राइट बॅकला गेला आणि मी मध्ये आलो. गुडघ्यांवर हात ठेवले आणि तोंड सोडलं, मराठीत, शिव्यांसकट, आणि देवाशप्पथ सांगतो, सगळ्यांना समजत होतं. समोरची टीम सगळ्यात वरची. ते येत राहिले, मी अडवत राहिलो. डोक्याने, छातीने, एकदा तर तोंडाने. खाडीवरचे होडीवाले कुंपणाला लटकून हिंदी, हिंदी म्हणून ओरडत होते, आणि तो हिंदी म्हणजे मी. मॅच शून्य-शून्य सुटली. एवढं सुंदर शून्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला खांद्यावर घेतलं त्यांनी. गावातल्या वरातीपेक्षा हे खांदे उंच होते.

संध्याकाळी उस्ताद बोलले, सलीमने हिंदी केलं. दोघांनाही ठेवलं असतं, पण बाहेरचा एकच चालतो, आणि अडवणारे आमच्याकडे आहेत, धावणारा नाही. पुढच्या वर्षी तो. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, मीही त्यालाच घेतला असता. मग परत हलवा.

२ मे, माहुल

घरी आलो. सहारपासून माहुलपर्यंत टॅक्सीत काय सांगायचं तेच पाठ करत होतो. अंगणात पिशवी ठेवली आणि सगळ्यांसमोर एका दमात सांगून टाकलं. बाबाने विडी पेटवली, अर्धी ओढली, मग विचारलं, तिथल्या खाडीला गाळ किती? एवढंच. जेवताना मात्र म्हणाला की पाच पुसणार नाही, रंग चांगला लागलाय. आय खूश आहे. म्हणते, जवल्याने चंदूला धाडला, तो काय परका हाय?

संध्याकाळी मी चंदूकडे गेलो. तो दारातच उभा होता. कुंदामावशीच बोलली. "माका पयल्यापासून ठावक होता रे. मी म्हटलंय, सांग जावन. तर म्हणता कसो, आये, तेंच्या दारात वाजप वाजता, आता मी कशाक तोंड उघडू?" मी चंदूच्या पाठीत एक गुद्दा घातला. त्याने परत घातला. मग जेवायला बसलो.

८ सप्टेंबर

चंदू गेला.

दुपारचं विमान होतं. चेंबूर आणि माहुल मिळून सहारला एवढी माणसं आली की पोलिसाने विचारलं, मंत्री कोण आहे. आयने जवळ्याची पुरचुंडी त्याच्या बॅगेत कोंबली. सगळे हसत होते, चंदू सोडून. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला बाजूला घेऊन गेला.

"बळ्या, मला नाय जमणार."

मी म्हटलं, वेडा आहेस का, ते गाव तुझी वाट बघतंय, तुझी कॅसेट तोंडपाठ आहे त्यांना.

"त्या कॅसेटमध्ये मागे तू होतास," तो म्हणाला. "मी कधी विचारच केला नाय रे. पुढे सुटायचो, मागे काय होईल ते तू बघायचास. तिथं मागे कोण?"

इतकी वर्षं खेळतोय त्याच्याबरोबर, हे तो कधी बोलला नव्हता. कोणीतरी आहे म्हणावं तर खोटं, आणि हा ते चेहऱ्यावरून ओळखतो. मी त्याची कॉलर धरली.

"वळून बघू नकोस," मी म्हटलं. "बघितलंस तर कळेल मी नाय ते. बघू नकोस, म्हणजे मी आहे."

त्याने मान हलवली, बॅग उचलली आणि निघाला. आम्ही सगळे काचेला नाक लावून उभे. तो रांगेत गेला, कागद दाखवले, पुढे गेला, आणखी पुढे, डोकं वर. कुंदामावशी हात हलवून हलवून थकली. डोळे पुसत माझ्याकडे वळली.

"बघ मेलो. आवशीकडे एकदाय वळान बघूक नाय."

मी म्हटलं, "मावशी, मीच सांगितलंय त्याला."